कमला सोहोनी

कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत (जन्म : १८ जून १९११, इंदूर, मृत्यू : जून १९९८), या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान शाखेत पीएच.डी. ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचा सामान्यतः उल्लेख होतो. ही पदवी त्यांना १९३९ साली केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाली. भारतात परतल्यावर त्यांनी कडधान्यांतील प्रथिने, त्यांतील पचनरोधक घटक आणि नीरेचे पोषणमूल्य यांवर प्रदीर्घ काम केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या व पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही त्यांचा सक्रिय सहभाग होता. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

कुटुंब व शिक्षण

कमला यांचा जन्म इंदूर येथे एका सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. भागवत घराण्याला विद्येची परंपरा होती. संस्कृतचे गाढे पंडित व सुधारक राजारामशास्त्री भागवत हे त्यांच्या नात्यातले. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून बंगळुरूला उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत या दोघा भावांचा समावेश होतो. त्या काळी ही संस्था लोकांच्या तोंडी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने होती. तिथे विद्यार्थ्यांचे अध्यापन १९११ साली, म्हणजे कमला यांच्या जन्मवर्षीच, सुरू झाले.

घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. थोरल्या दुर्गाबाई पुढे लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि ललित लेखनाकडे वळल्या. कमला यांनी वडील व चुलत्यांचा रसायनशास्त्राचा मार्ग धरला. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत त्या अग्रस्थानी होत्या. पुढील संशोधनासाठी वडील व चुलते जिथे शिकले त्याच संस्थेत जाणे त्यांना स्वाभाविक वाटले आणि त्यांनी तसा अर्ज केला.

बंगळुरूतील प्रवेशाचा प्रश्न

१९३३ हेच चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संस्थेतील कारकिर्दीचे पहिले वर्ष होते. तीन वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते. कमला यांचा अर्ज नाकारला गेला. गुण पुरेसे होते, विषय योग्य होता. नकाराचे कारण अर्जदार स्त्री असणे एवढेच होते. संस्थेत याआधीही थोड्या विद्यार्थिनींनी अध्ययन केले होते, त्यामुळे नियमांचा अडसर होता असे म्हणता येत नाही.

वडील आणि चुलत्यांनी रामन यांना विनंती करून पाहिली. तिचा उपयोग झाला नाही. त्यानंतर कमला स्वतः बंगळुरूला गेल्या आणि नकाराचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले. कारण न देता घातलेली बंदी मान्य करणार नाही, प्रवेश मिळेपर्यंत इथेच सत्याग्रह करीन, अशी भूमिका त्यांनी घेतली. हा मार्ग त्यांना परका नव्हता. त्या महात्मा गांधींच्या अनुयायी होत्या आणि सविनय कायदेभंगाची चळवळ त्यांच्या विद्यार्थिदशेतच देशभर पसरली होती.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घातल्या. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक ठरले तरच त्या वर्षाला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, त्यांना काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती. पहिल्या दोन अटी कष्टाच्या होत्या. तिसरी अपमानाची होती. कमला यांनी तिन्ही स्वीकारल्या. कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबण्याचा नव्हता, आत जाण्याचा होता.

एक वर्षाने रामन यांनी त्यांच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले आणि नियमित संशोधनाची परवानगी दिली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेल्या अन्ना मणी या १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन करू लागल्या. असे असले तरी पहिल्या वर्षाच्या वागणुकीचा सल कमलाबाईंच्या मनातून गेला नाही. उतारवयात स्त्री वैज्ञानिकांच्या सभेत बोलताना त्यांनी रामन यांची वैज्ञानिक म्हणून थोरवी मान्य केली. पण केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकलो नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

बंगळुरूतील संशोधन

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या यांचे मार्गदर्शन लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याला घडवणारे शिक्षक होते. जीवरसायनशास्त्रातील अभिजात ग्रंथ व मूळ शोधनिबंध वाचण्याची सवय त्यांनी कमला यांना लावली. संशोधनाचा विषय होता अन्नातील प्रथिने : दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचे स्वरूप.

विषयाची ही निवड त्या काळाच्या भारतात मोलाची होती. मांस, मासे, अंडी ज्यांना परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, त्या बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळी आणि कडधान्येच भागवतात. डाळीत किती प्रथिने आहेत, ती कोणत्या प्रकारची आहेत आणि त्यांतील किती शरीराला प्रत्यक्ष मिळतात, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगाने शोधायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. १९३६ साली या कामावर त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. डाळींतील प्रथिने हा विषय त्यांना आयुष्यभर पुरला.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली त्या केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या त्या विद्यार्थिनी होत्या. विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स हे होते. अन्नात अत्यल्प प्रमाणात असूनही जीवनाला अत्यावश्यक असणाऱ्या घटकांच्या, म्हणजेच जीवनसत्त्वांच्या, संशोधनासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. स्त्री संशोधकांना मोकळेपणाने संधी देणारा विभाग म्हणून त्यांच्या विभागाची ख्याती होती. बंगळुरूहून आलेल्या कमला यांना हा फरक जाणवल्यावाचून राहिला नसेल.

सुरुवातीला त्यांनी डेरेक रिक्टर यांच्यासह काम केले. प्राण्यांच्या शरीरातील, फिनॉलवर्गीय संयुगांचे ऑक्सिडीभवन करणारी विकरे आणि अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक यांच्या संबंधाविषयीचा दोघांचा शोधनिबंध १९३८ साली बायोकेमिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विकरे म्हणजेच एन्झाइमे. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमला या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. हिल यांचे नाव वनस्पतिविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे : पानातून वेगळी काढलेली हरितलवके प्रकाशात ऑक्सिजन मुक्त करतात हे त्यांनी १९३७ च्या सुमारास दाखवले आणि त्या क्रियेला पुढे हिल अभिक्रिया असे नाव मिळाले.

वनस्पतींतील श्वसनाविषयीचे संशोधन

कमला भागवत यांच्या केंब्रिजमधील मुख्य कामाचे महत्त्व समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. सजीवांच्या पेशी अन्नातील ऊर्जा एकदम मुक्त करत नाहीत. अन्नरेणूंतून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असे साखळीने पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या टप्प्याटप्प्याच्या प्रवासात पेशीला ऊर्जा मिळते. साखळीतील लोहयुक्त रंगीत प्रथिनांना सायटोक्रोमे म्हणतात. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली वर्णपटदर्शकातून दिसणाऱ्या त्यांच्या शोषणपट्ट्यांवरून ती ओळखली आणि त्यांना हे नाव दिले. सायटोक्रोम सी हे त्यांतील एक लहान प्रथिन. सुमारे शंभर अमिनो आम्लांची साखळी आणि तिला जोडलेला लोहयुक्त हीम हा भाग, अशी त्याची रचना असते. इलेक्ट्रॉन अखेरीस ऑक्सिजनच्या हवाली करणारे विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज.

प्राणी आणि यीस्ट यांच्या बाबतीत ही यंत्रणा बरीच स्पष्ट झाली होती. उच्च वनस्पतींच्या बाबतीत मात्र शंका होती. वनस्पतींत ऑक्सिडीभवन करणारी इतरही विकरे विपुल असतात; कापलेला बटाटा हवेत काळा पडतो तो अशाच विकरांमुळे. मग वनस्पतीचे श्वसन प्राण्यांप्रमाणेच सायटोक्रोमांच्या साखळीने होते की अन्य मार्गाने, हा प्रश्न खुला होता. शिवाय हरितद्रव्याचा गडद रंग आणि ऊती वाटताना बाहेर पडणारे अन्य पदार्थ यांमुळे वनस्पतींत सायटोक्रोमांचा माग काढणे जिकिरीचे होते.

कमला यांनी बटाट्यासारख्या वनस्पतिऊतींवर प्रयोग केले आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते व श्वसनात तेच काम करते, असे दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच विषयावरील दोघांचा सविस्तर लेख न्यू फायटोलॉजिस्ट या नियतकालिकात १९५१ साली आला; तोपर्यंत कमलाबाईंचे आडनाव बदललेले असले, तरी लेखावर भागवत हेच नाव राहिले.

बटाट्याची पेशी आणि माणसाची पेशी श्वसनाच्या मूलभूत यंत्रणेत सारख्या आहेत, हा या कामाचा व्यापक अर्थ. पुढे अनेक सजीवांतील सायटोक्रोम सीमधील अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहण्यात आला आणि १९६७ साली त्यावरून उत्क्रांतीचा वृक्ष रेखाटण्यात आला. सर्व सजीवांचे नाते सांगणारा रेणू म्हणून आज हे प्रथिन पाठ्यपुस्तकात असते.

पीएच.डी. पदवी

कमला यांचा प्रबंध अवघ्या सुमारे चाळीस पानांचा होता आणि तो त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण केला. शेकडो पानांचे प्रबंध पाहण्याची सवय असलेल्यांना तो आटोपशीर वाटावा असाच होता. पण सांगायचे ते त्यात पूर्ण सांगितले होते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

या संदर्भात दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी दिली होती. त्यामुळे कमला सोहोनी यांच्या पहिलेपणाचा उल्लेख पीएच.डी. या पदवीपुरता समजणे योग्य ठरते. दुसरी, त्या काळी खुद्द केंब्रिज विद्यापीठही स्त्रियांना पूर्ण अधिकारांसह पदवी देत नव्हते. स्त्रियांना पदवीचा केवळ किताब मिळे, विद्यापीठाचे सदस्यत्व मिळत नसे. ही स्थिती १९४८ साली बदलली. बंगळुरूत आत येण्यासाठी ज्यांना झगडावे लागले, त्यांच्या हाती केंब्रिजची पदवी आली तीही अशा काळात.

पदवीनंतर परदेशात राहण्याच्या संधी त्यांच्यासमोर होत्या. मात्र शिक्षणाचा उपयोग देशासाठी व्हावा आणि स्वातंत्र्यलढ्यात आपला वाटा असावा, या विचाराने त्या १९३९ सालीच भारतात परतल्या.

दिल्ली व कुन्नूर

परतल्यावर त्यांनी नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. तिथून त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभारलेली ही प्रयोगशाळा भारतीय आहाराच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र होते. पुढे तिचे हैदराबादला स्थलांतर झाले आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था तिच्यातूनच निर्माण झाली. कुन्नूरला कमला यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर संशोधन केले. केंब्रिजमध्ये शुद्ध विज्ञानाच्या प्रश्नात रमलेल्या संशोधिकेचे लक्ष इथे पुन्हा सामान्य माणसाच्या ताटाकडे वळले.

१९४७ साली त्यांचा विवाह विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला स्थायिक झाल्या.

मुंबईची विज्ञान संस्था

मुंबईत काळाघोडा परिसरातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, येथे जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. त्या विभागात सोहोनी प्राध्यापक झाल्या. त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थ्यांनी संशोधन केले. विभागातील कामाचा रोख मुख्यतः तीन प्रकारच्या अन्नावर होता : कडधान्ये, नीरा आणि भाताचे पीठ. तिन्ही पदार्थ गरिबांच्या आहारातले. प्रयोगशाळेची साधने मर्यादित होती, पण प्रश्न देशातल्याच स्वयंपाकघरातून आणि शेतातून घेतलेले असल्यामुळे संशोधनाला विषयांची वाण पडली नाही.

कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक

कच्च्या कडधान्यांत प्रथिने भरपूर असूनही ती शरीराला पुरती लागू पडत नाहीत, हे फार पूर्वी लक्षात आले होते. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवले की, सोयाबीन शिजवून दिले तरच उंदरांची नीट वाढ होते. याचे एक कारण १९४० च्या दशकात उलगडले. माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारे ट्रिप्सिन नावाचे विकर असते. काही बियांत या ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम थांबवणारी लहान प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. कुलुपात मोडलेली किल्ली अडकावी तसे हे रोधक विकराच्या कार्यकारी जागी अडकतात. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधील असा रोधक स्फटिकरूपात वेगळा केला.

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न भारतीय अन्नपदार्थांना लावला. भाज्या आणि डाळींतील ट्रिप्सिनरोधकांचे सर्वेक्षण करणारे त्यांचे शोधनिबंध १९५४ पासून जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागले. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून त्यांनी रोधक प्रथिने स्फटिकरूपात मिळवली. हे काम १९५५ साली नेचरमध्ये छापून आले. प्रथिनाचे स्फटिक मिळवणे ही त्या काळी शुद्धतेची मोठी कसोटी मानली जाई. १९५६ साली त्यांनी रताळ्यातील ट्रिप्सिनरोधकाविषयीही लिहिले.

अशा रोधकांचे वनस्पतीला काय प्रयोजन, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर नंतरच्या संशोधनाने दिले. वनस्पतीला पळून जाता येत नाही आणि प्राण्यांसारखी प्रतिकारयंत्रणाही तिला नसते. तिचे संरक्षण रासायनिक असते. ग्रीन आणि रायन या संशोधकांनी १९७२ साली दाखवले की, किडीने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे पान कुरतडले की त्या पानातच नव्हे, तर झाडाच्या दुसऱ्या पानांतही रोधक प्रथिने साठू लागतात. कीटकांची आणि बुरशींची प्रथिनपाचक विकरे ती निष्प्रभ करतात. यांपैकी काही रोधकांना जीवाणू व बुरशी यांची वाढ थांबवणारे गुण असल्याचेही आढळले आहे. त्यामुळे सूक्ष्मजीवरोधक पेप्टाइडांच्या, म्हणजे रोगजंतूंना मारणाऱ्या किंवा रोखणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, आजच्या संशोधनात त्यांचाही विचार होतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना या शाखेचे महत्त्व वाढले आहे. योगायोग असा की, या शाखेचा एक पाया असलेले टायरोथ्रिसिन हे पेप्टाइडांचे मिश्रण रने ड्यूबॉस यांनी मातीतील जीवाणूपासून मिळवले तेही १९३९ साली, कमला यांच्या पदवीच्याच वर्षी.

वाल : प्रयोगशाळेतून पुन्हा शेताकडे

सोहोनी यांच्या प्रयोगशाळेत स्फटिकरूप पावलेला रोधक ज्या वालातून आला, तो महाराष्ट्राच्या, विशेषतः कोकण आणि सह्याद्रीच्या, आहारातील जुना घटक आहे. वाल भिजत घालणे, मोड आणणे, सोलणे आणि मग शिजवून बिरडे किंवा उसळ करणे, ही घरोघरची रीत. उष्णतेने बहुतेक ट्रिप्सिनरोधकांची शक्ती बरीच कमी होते आणि भिजवण्या-मोडवण्यानेही कडधान्य पचायला सुलभ होते. स्वयंपाकघरातील या परंपरागत क्रियांमागे कोणते रसायनशास्त्र आहे, ते अशा संशोधनाने स्पष्ट झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग हा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. राजूर हे या आदिवासी पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तिथे आहे. भात, नागली, वरई यांच्या जोडीला परसबागेतील वाल व घेवडा हा इथल्या घरांचा प्रथिनांचा आधार राहिला आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या अनेक गावरान वाणांसह देशी बियाणे जपले. या कामासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. एका स्त्रीने ज्या बीचे रसायन मुंबईच्या प्रयोगशाळेत उलगडले, ती बी सह्याद्रीच्या कुशीतील दुसऱ्या स्त्रीने शेतात टिकवून ठेवली. गरिबाच्या ताटातील प्रथिन हा दोन्ही कामांतला समान धागा होय.

नीरा

नीरा म्हणजे ताड, शिंदी यांसारख्या ताडवर्गीय झाडांतून पहाटे मिळणारा गोड, न आंबलेला रस. उन्हे चढू लागली की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी लागू असल्याने, ताडीच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्यांना नीरेचा पर्याय देणे हा सामाजिक प्रश्नही होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला.

नीरेत क जीवनसत्त्व, लोह आदी पोषक घटक चांगल्या प्रमाणात असतात आणि नीरा आटवून गूळ केला तरी हे घटक काही अंशी टिकून राहतात, असे त्यांच्या गटाला आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत. दुधाचा दर्जा सुधारणे आणि ते नासू न देणे यांविषयी त्यांनी मार्गदर्शन केले. लाखो लोकांना रोज लागणाऱ्या दुधाच्या बाबतीत प्रयोगशाळेतील ज्ञान प्रत्यक्ष उपयोगात आणण्याचे हे काम होते.

संचालकपद

सोहोनी यांची ज्येष्ठता आणि कामगिरी लक्षात घेता विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे येणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्यांना ते सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. त्या स्त्री असणे हे या विलंबाचे एक प्रमुख कारण मानले जाते. बंगळुरूतील प्रसंगाला तोवर बराच काळ लोटला होता. दाराचे रूप तेवढे बदलले होते. शेवटी नियुक्ती झाली तेव्हा त्यांच्या केंब्रिजमधील जुन्या मार्गदर्शकांनी, रिक्टर यांनी, एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक म्हणून त्यांचा गौरव केला.

ग्राहक चळवळ व लेखन

१९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. भारतातील ग्राहक चळवळीच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. सोहोनी या संस्थेच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ या वर्षी त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. तूप, मसाले, डाळी यांतील भेसळ ही घरातील स्त्रीच्या रोजच्या अनुभवाची गोष्ट. तिच्याकडे जीवरसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहण्याचा लाभ या चळवळीला त्यांच्यामुळे मिळाला.

आहारशास्त्र मराठी वाचकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी मराठीतही लेखन केले. आहार-गाथा हे त्यांचे पुस्तक या विषयावरचे आहे.

अखेरचे दिवस

जून १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला होता. त्या वेळी त्यांचे वय ८७ च्या आसपास होते. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. साठ वर्षांहून अधिक काळ विज्ञानात काढलेल्या या संशोधिकेला देशाच्या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च संस्थेने दिलेला हा गौरव आयुष्याच्या अगदी शेवटी लाभला.

महत्त्व

सोहोनी यांच्या कार्याचे मोजमाप दोन अंगांनी करता येते. वैज्ञानिक अंगाने पाहता, वनस्पतींतील श्वसनाविषयीचे त्यांचे संशोधन मूलभूत स्वरूपाचे होते, तर कडधान्ये व नीरा यांवरील काम त्या मूलभूत ज्ञानाला भारतीय आहाराशी जोडणारे होते. प्रथिने आणि विकरे हे सूत्र दोन्हींत कायम राहिले.

सामाजिक अंगाने पाहता, १९३३ साली बंगळुरूत त्यांनी घेतलेली भूमिका एका विद्यार्थिनीच्या प्रवेशापुरती उरली नाही. त्यांना परीक्षेसाठी म्हणून उघडलेले दार पुढे इतरांसाठी उघडे राहिले. 

भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली प्रकाशित केलेल्या, भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या चरित्रांच्या लीलावतीज् डॉटर्स या ग्रंथात त्यांचा समावेश आहे. १८ जून २०२३ रोजी, त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे स्मरणचित्र प्रसिद्ध केले.